खांद्याचा मुकादम

मंठ्याला मी तीन वर्षं ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो, ते घरमालक अमावस्येला चहाची कपबशी उचलत नसत. उपास नव्हता, व्रत नव्हतं. अमावस्येला मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद, हमालांना सुट्टी, म्हणून ह्यांच्या हातांनाही सुट्टी. सकाळी दोन्ही हात मांडीवर ठेवून ओसरीत बसायचे. त्यांची बायको, म्हणजे मामी, बशीत चहा ओतून त्यांच्या तोंडाला लावायच्या आणि हे फुर्र करून ओढता ओढता वर हुकूम सोडायचे, "जरा जल्दी कर, निवून राह्यला."

मामींनी एकदा चिडून विचारलं, "हाताला सुट्टी, मंग जिभेला कामून न्हाई?"

"जीभ माझ्या टोळीत न्हाई," ते म्हणाले. "ती तुझ्या धाकात असती."

गाव त्यांना मुकादम म्हणायचं. मी मामा म्हणायचो. मोंढ्यातल्या हमालांच्या एका टोळीचे ते मुकादम होते. ज्वारी, तूर, सरकी, काय येईल ते उतरवायचं आणि गोदामात रचायचं. पस्तिशीत असताना पोत्यांची थप्पी अंगावर आली आणि कंबरेखालचं सगळं लुळं पडलं. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते, पाय काटकुळे झाले होते, पण मुकादमी सुटली नव्हती. एका शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल होती. हातानं पायडल मारत रोज सकाळी मोंढ्यात जायचे, टोळीतली भांडणं मिटवायचे, कुणाची पाठ धरली असेल तर अंगठ्यानं सोडवून द्यायचे आणि संध्याकाळी तसेच एकटे घरी यायचे. ह्या एकटं जाण्यायेण्याचा त्यांना फार अभिमान होता. थप्पीखालून निघाल्यावर चार वर्षं लोकांनी त्यांना पाठुंगळीवर नेलं होतं. "परसाकडंबी दुसऱ्याच्या पाठीवर," असं ते सांगायचे.

मी सांगलीकडचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी मंठ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला नवा रुजू झालो होतो. खोली बघायला गेलो तेव्हा मामांनी माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्नाचंही विचारलं नाही. जवळ बोलावलं, माझा दंड हातात धरला आणि मागच्या बाजूनं अंगठा रुतवला.

"दुखतंय?"

"नाही."

"दुखंल कसं? हितं कुणी राहतच न्हाई."

मग म्हणाले, "बसा गाडीवर. त्या लिंबापोहत जाऊन या." मी कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेला गडी. सायकलवर रोज दहा-बारा मैल जाणारा. हसत हसत बसलो. पहिली वीस पावलं झोकात गेली. पुढं मनगटाच्या वरचा भाग दगडासारखा झाला, मुठी उघडेनात, छातीत धाप भरली, आणि गल्लीच्या टोकाचा कडुलिंब होता तिथंच राहिला. मागं वळून बघतो तर मामा खाटेवर बसून पोट धरून हसत होते.

"मास्तर, पायाचा गडी मोठा, हाताचा लहान. लहान्याकडून मोठं काम घ्यायचं तर सगळी टोळी लावा लागती. तुम्ही नुसता मुठवाला लावला. दांडी धरायची असती, आवळायची नसती." आणि लगेच मामींना हाक मारली, "अगं, खोली झाडून घे. मास्तर राहून राह्यले." बाकीची बोलणी पुढच्या आठवड्यात कधीतरी झाली.

माणसाचं अंग म्हणजे हमालांची टोळी, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. खांद्याच्या पुढच्या बाजूचा स्नायू त्यांच्या भाषेत 'धाकटा'. अंगानं लहान, कामाला वाघ, हाक मारायच्या आधी हजर. छाती म्हणजे 'पाटील'. बोलावल्याशिवाय उठायचा नाही, पण उठला की गाडी हलवायचा. दंडावरची बेटकुळी म्हणजे 'नवरदेव', सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडं, काम मात्र अर्धं. दंडाच्या मागचा गडी बिननावाचा, कारण "तो दिसत न्हाई, तक्रार करत न्हाई, त्याला कोण नाव ठेवतंय?" आणि बगलेखालून थेट कंबरेपर्यंत पसरलेली पाठ म्हणजे 'थोरला'.

"थोरला सगळ्यात तगडा आन् सगळ्यात कामचोर," ते सांगायचे. "भिताडाला टेकून बिडी वढत बसंल. पण त्याचीबी चूक न्हाई. माणूस सारखं ढकलतो. वढतच न्हाई. वढायचं काम निघालं न्हाई तर थोरला कामून उठंल?"

रोज सकाळी खाटेवर बसून ते एकेका जागी अंगठा दाबून हजेरी घ्यायचे, आणि उत्तरंही स्वतःच द्यायचे, प्रत्येकाच्या वेगळ्या आवाजात. "धाकटा?" "हाये, मुकादम." "पाटील?" "हाव, आलो." "थोरला?" मग बराच वेळ शांतता, आणि शेवटी एक जांभई. पहिल्या दिवशी मला वाटलं घरात चार पाहुणे मुक्कामी आहेत. पुढं सवय झाली, इतकी की दात घासताना माझाही अंगठा आपसूक दंडाकडं जाऊ लागला.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे परीक्षा असायची. भाजीवालीनं तराजू उचलला की हे सांगायचे, "बाई, कोपर अंगाला लाव, न्हाई तर दिवाळीपोहत खांदा जाईन." न्हाव्यानं वस्तरा धरला की त्याच्या मनगटाला नावं ठेवायचे. न्हावी एकदा म्हणाला, "मुकादम, वस्तरा तुमच्या गळ्यावर हाये, मनगटाचं मंग सांगा."

माझ्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, धाकटा आजारी पडला.

त्या सायकलचं पायडल फक्त उजव्या बाजूला होतं. डाव्या हातात वळवायचा दांडा. म्हणजे वीस पोती एकाच गड्याच्या पाठीवर. उजवा हात डाव्याच्या दीडपट झालेला, शिंपी दोन बाह्यांची दोन मापं घ्यायचा, आणि पाठीचा कणा एका अंगाला कलंडलेला. आधी रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना. मग टोपी घालायला उजवा हात डोक्यापर्यंत जाईना. डाव्या हातानं घातलेली टोपी कायम तिरकी बसायची, आणि लोकांना वाटायचं मुकादमांना उतारवयात रंग चढला.

"इमानदार गडी आधी मरतो," मामा म्हणाले. गमतीनं म्हणाले, पण त्या दिवशी हजेरी घेतली नाही.

मामींनी त्यांना जालन्याला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. मीही सोबत होतो. डॉक्टर सरळ माणूस होता. खांद्याच्या आतल्या दोऱ्या झिजल्यात म्हणाला. गाडी हातानं चालवणं बंद करा, ढकलायला माणूस ठेवा, नाहीतर हा हात वर व्हायचा राहील. आणि मामांच्या हातांवर नुसती गाडी नव्हती. खाटेवरून गाडीत, गाडीतून ओट्यावर, ते स्वतःला हातांवरच उचलून ठेवायचे. हात गेले तर पुन्हा पाठुंगळीचे दिवस. परतीच्या एसटीत मंठा येईपर्यंत ते डाव्या हातानं उजवा खांदा धरून बसले. मला खरोखर भीती वाटली.

ढकलायला माणूस शोधायची गरज नव्हती. मामींचा धाकटा भाऊ त्याच टोळीत हमाल होता. त्यांना मामा 'पाव्हणं' म्हणायचे, म्हणून मीही पाव्हणे म्हणायचो. चाळिशीतला उंचापुरा माणूस, बोलायला अगदी कमी. मामांची गाडी मोंढ्याबाहेर पडली की हे अर्धा भरलेला ट्रक तसाच टाकून पळत यायचे आणि मागून हात लावायचे. त्या नादात त्यांची पाळी दुसऱ्याला जायची, टोळीतले लोक कुरकुरायचे, पण ह्यांना त्याचं काही नाही. मामा बाकी सगळ्यांवर खेकसायचे. पाव्हण्यांवर कधी आवाज चढवला नाही. "पाव्हणं, हात काढा," एवढंच म्हणायचे. पाव्हणे हात काढायचे आणि दहा पावलांवर पुन्हा लावायचे.

तसं बघितलं तर सगळं गावच हात लावायचं. तीनचाकीवाला चढाला लागला की मागून ढकलणं हा आमच्याकडं धर्मच. कुणी विचारत नाही. डोक्यावर पाटी घेतलेली बाई एका हातानं ढकलून पुढं जाते. कंडक्टर तिकिटांची पेटी सांभाळत ढकलतो. मामांना त्याचा असा राग यायचा की पुण्य मिळवायला आलेला माणूस शिव्या खाऊन परत जायचा.

शेवटी मामींनीच तोड काढली. ओसरीत उभ्या राहून, पदर खोचून त्यांनी निकाल दिला. "पोळ्यापोहतची मुदत. तवर काय खटपट करायची ती करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोंढ्यापासून ह्या दारापोहत एकट्यानं या. कुणाचा हात लागता न्हाई. जमलं तर गाडी तुमच्या हातात. न्हाई जमलं तर माझा भाऊ ढकलंल आन् तुम्ही गुमान बसान. मास्तर साक्षीला."

"कबूल," मामा म्हणाले.

पाव्हणे खांबाला टेकून उभे होते. त्यांनी काही कबूल केलं नाही.

मग आमच्या घरात विज्ञान सुरू झालं. मी शाळेतून स्नायूंचा तक्ता उचलून आणला. कातडी सोललेला लाल माणूस, दोन्ही हात पसरून उभा. मामांनी तो देवांच्या तसबिरींशेजारी लावायला लावला. मामींना त्याची इतकी लाज वाटायची की बायका हळदीकुंकवाला आल्या की त्या लाल माणसाला टॉवेल गुंडाळायच्या. मामा मात्र तासन् तास त्याच्याकडं बघायचे. पाठीच्या मोठ्या स्नायूवर बोट ठेवून म्हणाले, "बघा, ह्याचा दोर कुठं बांधलाय? दंडाला. म्हंजे थोरल्याचं काम वढायचंच हाये. आपण त्याला बिनकामाचा बसवलाय."

वेल्डिंगवाल्याला बोलावून उजव्या बाजूचं पायडल काढलं. छातीसमोर पुढच्या चाकाबरोबर वळणारा एक खांब उभा केला, त्याला सायकलसारखी दोन पायडलं लावली, एक वर आणि एक खाली, आणि चेन पुढच्या चाकाला जोडली. प्रयोगाला अर्थातच मी. उजवा हात ढकलतोय तेव्हा डावा ओढतोय, त्यामुळं तो खांबच डावीउजवीकडं वळायचा आणि चाक त्याच्याबरोबर. मी त्या गल्लीतून सापासारखा वळवळत गेलो आणि थेट गिरणीच्या पायरीवर चढलो. गिरणीवाल्यानं दळण थांबवून मला उतरवलं.

मामा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीतल्या खाटेवरूनच माझ्या खोलीच्या दारावर काठी आपटली. "मास्तर, दोन गडी पोतं उचलतात तवा पाळीपाळीनं उचलतात काय?"

"नाही."

"एकदम उचलतात. मंग पायडलं खालीवर कामून? दोन्ही एका बाजूला करा."

वेल्डिंगवाला तयार होईना. पायडलं अशी नसतातच, लोक मला हसतील, असं त्याचं म्हणणं. मामांनी त्याला समोर बसवून त्याचाच दंड दाबून तासभर समजावलं. मला वाटतं तो पटून नाही, दुखून कबूल झाला. पण गाडी सरळ चालली. दोन्ही हात एकदम ढकलतात, एकदम ओढतात, चाक नाकासमोर. शिवाय दोन्ही हात बरोबर असले की अख्खं धड पुढंमागं झुकवता येतं, म्हणजे पाटील आणि थोरला दोघंही कामाला.

पुढचे दोन महिने आम्ही एकेक बोट इकडं तिकडं करत होतो. खांब उंच झाला तर खांदे कानाला लागायचे आणि धाकटा ओरडायचा. मग तो खाली घेऊन पायडलाची दांडी खांद्याच्या जरा खाली येईल अशी केली. आसन लांब पडलं तर कोपर पूर्ण ताठ व्हायचं. म्हणून पुढं सरकवलं, इतकं की हात पूर्ण लांब झाल्यावरही कोपरात थोडा वाक राहावा. पायांनी रेटा देता येत नाही, म्हणून ढकलताना माणूसच मागं जायचा. त्याला पाठीशी फळी लावली आणि कंबरेला जुन्या पट्ट्याचा वेढा. ढकलताना फळी धरते, ओढताना पट्टा धरतो. सगळं हमालाच्या अकलेनं. माझ्या पुस्तकाचा उपयोग फक्त नावं सांगण्यापुरता झाला, आणि तीही त्यांनी बदलून टाकली.

एकच खोट राहिली. दोन्ही पायडलं एकदम अगदी पुढच्या टोकाला गेली की तिथं ढकलणंही नाही आणि ओढणंही नाही. सपाट रस्त्यावर गाडी आपल्या वेगानं ती जागा ओलांडायची. चढावर तिथंच अडकायची. "ही उंबऱ्याची जागा," मामा म्हणायचे. "हितं हाताचं काम न्हाई. हितं अंग टाका लागतं." हात ताठ न करता छाती पुढं टाकायची आणि अंगाच्या वजनानं पायडल उंबऱ्यापलीकडं न्यायचं. जमलं तर जमलं. दहातल्या दोन वेळा जमायचं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मराठवाड्यात खांदेमळणी असते. बैलाचे खांदे गरम पाण्यानं शेकून, हळद-तूप चोळून त्याला जेवणाचं आवतण देतात. मामांकडं बैल नव्हता. त्या संध्याकाळी ते सदरा काढून ओसरीत बसले आणि मामींना म्हणाले, "आण तूप."

"लाज वाटती का काही?"

"वर्षभर जू कुणी वढलं?"

मामी हसत हसत वाटी घेऊन आल्या. शेजारची मंडळी बैल घेऊन ओढ्याकडं निघाली होती आणि ही बाई नवऱ्याच्या खांद्याला हळद-तूप चोळत होती. उजव्या खांद्यावर हात आला तसं त्यांचं हसणं थांबलं. फार हळू चोळत होत्या. मग बैलाला म्हणतात तसं म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या." मामांनी मान डोलावली. मी उगाच खोलीत गेलो.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची अमावस्या. हातांना सुट्टी. पुरणपोळीसुद्धा मामींनी भरवली. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोंढ्याच्या फाटकाशी.

पाव्हण्यांना मामांनी मुद्दाम घरी पाठवलं होतं. मी गाडीच्या बाजूनं चालत होतो. सपाटीवर मामा गुणगुणत होते. वाटेत दोघातिघांचे हात पुढं आले, ते त्यांनी नुसत्या नजरेनं मागं घालवले. ओढ्याच्या पुलापासून घरापर्यंत चढ. तिथं गुणगुणणं थांबलं. ढकल, ओढ, अंग टाक. ढकल, ओढ, अंग टाक. पाठीवर सदरा चिकटला आणि त्याखाली तो कामचोर थोरला उठताना मला स्पष्ट दिसत होता. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. घर पन्नास पावलांवर राहिलं. दारात मामी आणि पाव्हणे दिसत होते.

आणि पायडल पुढच्या टोकाला अडकलं.

मामांनी अंग टाकलं. चाक हललं नाही. पुन्हा टाकलं. गाडी बोटभर मागं सरकली. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि माझ्यानं ते बघवेना. मी काय करतोय हे कळायच्या आत माझे दोन्ही हात मागच्या फळीवर गेले आणि मी रेटा दिला.

गाडी एकदम उसळली. पायडल हिसका देऊन पुढं गेलं आणि मामांचे ताणलेले हात त्याच्याबरोबर खेचले गेले. "आई गं" असा बारीक आवाज आला. मग त्यांनी इंचाइंचानं, डाव्या हाताच्या जोरावर गाडी दारापर्यंत नेली. उजवा हात मांडीवर पडून होता.

मामांच्या आडोशामुळं माझे हात पाव्हण्यांना दिसले नसावेत. ते पुढं झाले तसे मामा म्हणाले, "न्हाई झालं. मास्तरांचा हात लागला."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मामा, चुकलो. मला राहवलं नाही. मायेपोटीच—"

"मायेपोटीच लावतात सगळे!" ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "मोंढ्यात एक कायदा हाये मास्तर. दुसऱ्याच्या पाठीवरच्या पोत्याला मागून हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई. तोल त्याचा असतो. तुम्ही हात लावला की—"

आणि मध्येच थांबले. त्यांचा चेहराच उतरला. पाव्हणे खाली बघत होते. मग ते पायरी उतरून गेले.

मामा पुटपुटले, "काय बोलून गेलो मी."

मामींनी त्यांचा खांदा शेकायला पाणी ठेवलं आणि चुलीपुढं बसून मला हळू आवाजात सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी गोदामात मामा पाठीवर पोतं घेऊन फळीवरून थप्पीवर चढत होते. मागं पाव्हणे होते, नव्यानंच टोळीत आलेले. दाजी दमलेत असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी खालून पोत्याला हात दिला. तोल गेला, मामा थप्पीवर आदळले आणि थप्पी त्यांच्यावर आली. मामांनी सगळ्यांना सांगितलं की थप्पी कच्ची होती. "माझ्यापाशीसुदिक तेच बोलले. मला भावानं सांगितलं, रडत रडत. ह्यांनी आजपोहत नाव काढलं न्हाई."

मी बाहेर आलो. मामा खांबाला टेकून बसले होते.

"मास्तर, मला काय हौस हाये का ह्या वयात चढ चढायची?" ते म्हणाले. "तो येतो रोज, काम टाकून. बायकापोरं त्याच्यावर चिडतात. तो मला ढकलत राह्यला तवर त्याच्या डोक्यावरचं पोतं उतरणार न्हाई. म्हणून मला एकट्यानं जायचंय."

मामी तेवढ्यात पाण्याचं भगुणं घेऊन बाहेर आल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, "आन् निकाल ऐका माझा. आज मास्तर नापास झाले. तुमची परीक्षा अजून झालीच न्हाई."

खांदा बरा व्हायला दसरा उजाडला. तोवर मामांनी हात मुकाट्यानं गळ्यात बांधून ठेवला. आणि दसऱ्यानंतर एका सकाळी पाव्हण्यांना बोलावून घेतलं.

"आज मी मोंढ्यात जाऊन येतो. तुम्ही मागून चालायचं. मास्तर पुढं चालतील, त्यांचा भरवसा न्हाई."

"दाजी, मला न्हाई जमायचं."

"जमंल. हात मागं बांधून चाला."

परतताना पुलापासून मी पुढं होतो, पण उलटा चालत होतो. पाव्हणे मागून येत होते, एका हातानं दुसरं मनगट पाठीमागं घट्ट धरून. मामांचा दम लागत होता, तसा पाव्हण्यांचाही लागत होता. ढकल, ओढ, अंग टाक. ओट्यावर मामी उभ्या. पन्नास पावलं राहिली, आणि पायडल पुन्हा त्याच टोकाला अडकलं.

मामांनी अंग टाकलं. नाही. गाडी बोटभर मागं आली. पाव्हणे अर्धं पाऊल पुढं आले. मला वाटलं आता हे हात सोडणार. त्यांनी सोडले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी तसंच, हात मागं धरूनच, ट्रकवर पोतं चढवताना टोळी जी हाक देते ती छातीतून काढली.

"चलाऽऽऽ… हां!"

त्या 'हां'वर मामांचं धड पुढं पडलं आणि चाक फिरलं.

"चलाऽऽऽ… हां!"

एकेका हाकेवर एकेक फेरा. गल्लीतली माणसं दारात आली. पुढं होऊन हात मात्र कुणीही लावला नाही. ओट्याशी गाडी थांबली. मामी तोंडाला पदर लावून नुसत्या उभ्या होत्या. पाव्हण्यांनी पाठीमागचे हात अजून सोडले नव्हते. ते कुठं ठेवावेत हेच त्यांना सुचत नसावं.

मामांनी धाप जिरू दिली. मग मान वळवून म्हणाले, "पाव्हणं, मोंढ्यात ट्रक लागून राह्यला असंन. तुमची पाळी जाईन. जा जल्दी."

पाव्हण्यांनी हात सोडले, डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि कामाला निघून गेले.